तीन की सात

कूलर बंद ठेवलाय.
भुसावळात, एप्रिलात, हा गुन्हाच,
पण त्याच्या घरघरीत मीटरची पिप ऐकू येत नाही मला.

बापूंना तशीही येत नाही.
एकतीस वर्षं इंजिनात काढली,
डावा कान पूर्ण गेला, उजव्यात थोडं उरलंय.
त्यांच्या हातात काट्याचं मीटर आहे,
शेडमधलं, काच तडकलेली.

टेबलावर चॅसिस उताणं पडलंय.
पत्रा सावद्याच्या पेटीवाल्यानं वाकवला,
म्हणाला, ताई, कडी कुठं लावू?
ट्रान्सफॉर्मर यावल रोडच्या मुबारक तडवीनं गुंडाळला,
केळीवाल्यांच्या पंपाच्या मोटारी बाजूला सारून.
"काबरं वं बाई, गिटार काय पाणी ओढते का?"
पण वेढे मोजून दिले, दर थराला कागद.

व्हॉल्व्ह अजून खोक्यात, कापसात.
आधी तारा.
नकाशा भिंतीवर, पिवळी पेन्सिल माझ्या कानामागे.
तपासलेल्या तारेवर पिवळी रेघ.

नियम बापूंचा:
सिग्नल दोघांनी बोलायचा.
एकानं बघून बोलायचा,
दुसऱ्यानंही बघूनच. ऐकून नाही.

"अर्थ ते चॅसिस."
"अर्थ ते चॅसिस." काटा उजव्या टोकाला.
"हीटर, चार."
"हीटर, चार."
"हीटर, पाच."
"पाच."
आई दारातून डोकावली:
जप चाललाय का बापलेकीचा?
कुणी हसलं नाही. ती पाण्याचा तांब्या ठेवून गेली.

"पॉवर व्हॉल्व्ह. कॅथोड. तीन."
बापू गप्प.
"बापू, तीन!" मी ओरडले.
"सात," ते म्हणाले.

मी म्हटलं, तीनच. पाच रात्री बसून डाग दिलेत मी.
म्हटलं, चष्मा पुसा.
त्यांनी चष्मा पुसला, टॉर्च धरला,
काडीनं एकेक पिन मोजली, कडेच्या फटीपासून.
सात.

पुस्तकातला व्हॉल्व्ह उभा असतो, वरून बघितलेला.
माझा सॉकेट उलटा होता, पोटाकडून.
वरून तीन, ते खालून सात.
जिथं बारा-तेरा व्होल्ट हवे होते
तिथं तीनशे पाठवणार होते मी,
इतक्या नीटस, चकचकीत डागानं.

बापू रागावले नाहीत. म्हणाले,
"इंजिन उलट्या तोंडानं चाललं की
सिग्नल दुसऱ्या बाजूला येतो.
तो जागचा हलत नाही. आपण फिरलेलो असतो.
एकदा वरणगावच्या अलीकडं..."
आणि तिथंच थांबले.
पुढचं मी कधीच ऐकलेलं नाही.

डाग उकलला. राळेचा धूर डोळ्यांत.
तार कापली, सोलली, पुन्हा बसवली.
"आता पहिल्यापासून," बापू म्हणाले.
"फक्त तेवढीच बघू ना."
"पहिल्यापासून."
पेन्सिल खोडून भिंत मळली.

साडेअकराला मालगाडी गेली.
मांडणीतल्या वाट्या किणकिणल्या, मला ऐकू आल्या.
बापू तळव्यानंच म्हणाले, भरलेली आहे.

मग शंभरचा बल्ब मधे घालून बटण.
बल्ब भपकन पेटला,
माझा एक हात पाठीमागं, बापूंनीच सांगितलेला,
घट्ट मुठीत.
मग बल्ब उतरत गेला, उतरत गेला,
नुसती लाल तार राहिली, विझत आलेल्या विडीसारखी.
शॉर्ट नाही कुठं.

खुंटीवर ऑब्रीकाकांची गिटार,
इन्स्टिट्यूटमधल्या नाचांच्या काळातली, दोन तारा गायब.
मी खोक्यातला पहिला व्हॉल्व्ह उचलला.

"काय सिग्नल?" बापूंनी विचारलं.
"हिरवा."
त्यांनी मान हलवली. बल्बकडं बराच वेळ बघितलं, स्वतः.
"यलो," म्हणाले,
आणि कूलर लावून झोपायला गेले.